मधला कप्पा

रोज सकाळी तोंड धुऊन झालं की ती फ्रिजच्या मधल्या कप्प्यातून इन्शुलिनची बाटली काढायची आणि दोन्ही तळव्यांमध्ये धरून हळूहळू फिरवत खिडकीशी उभी राहायची. औषध दुधासारखं पांढरं. रात्रभरात त्याचा साका तळाला बसलेला असायचा. तो सगळीकडे सारखा मिसळेपर्यंत बाटली फिरवायची, खळखळ हलवायची नाही, असं दवाखान्यातल्या सिस्टरनी तिला तरुणपणीच शिकवलं होतं. शिवाय थंडगार औषध टोचलं की मांडी झोंबते, म्हणून त्याला हाताची ऊब द्यायची. खाली बेकरीवाला दुकानाचं शटर वर ढकलत असायचा. ती त्याच्याकडे बघत असायची आणि तिचे हात आपलं काम करत असायचे.

नवरा टेबलाशी पेपर उघडून बसलेला असे. बाटली फिरायला लागली की तो पेपराआडून विचारी, "झोपवतेस की उठवतेस गं तिला?"

"उठवते. तुमच्यासारखीच आहे ती, हळू उठवावी लागते," ती मागे न बघता म्हणायची.

एवढं झालं की त्यांचा दिवस सुरू व्हायचा.

ती एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत होती. तळघरातली लांबट खोली, वाफेनं भिजलेल्या भिंती, आणि गरम रुळांचं एक अजस्र यंत्र. त्यात एका बाजूनं ओली चादर घालायची आणि दुसऱ्या बाजूनं कोरडी, कडक चादर घडी घालत ओढून घ्यायची. नवरा कोल्ड स्टोरेजमध्ये. भर उन्हाळ्यात तो जाड कोट, कानटोपी आणि लोकरीचे हातमोजे घेऊन कामाला निघायचा, तेव्हा शेजारीपाजारी न चुकता हसायचे. यांच्या घरात दोन्ही ऋतू एका पलंगावर झोपतात, असं कोणीतरी एकदा म्हणालं, आणि ते बरीच वर्षं गल्लीत फिरत राहिलं. त्याला सगळे थंडोबा म्हणत. थोडं कामामुळे आणि बरंचसं स्वभावामुळे. चहाचा कप तो अर्धा तास पुरवायचा. दुसऱ्या कोणी तिच्यासमोर त्याला थंडोबा म्हटलेलं तिला खपत नसे. स्वतः रागावली की मात्र तोच शब्द सगळ्यात आधी तिच्या तोंडात यायचा.

आजार लग्नाच्या आधीचा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला ती अचानक वाळत गेली, घागरभर पाणी प्यायली तरी तहान भागेना, आणि एके दिवशी वर्गातच कोसळली. त्यानंतर सुई कायमची. स्थळं यायची आणि ही गोष्ट कळली की उत्तर देण्याचं विसरून जायची. याच्याबरोबर पहिल्यांदा बोलायला बसवलं तेव्हा तिनं इकडचं तिकडचं काही विचारलंच नाही. मला रोज इंजेक्शन घ्यावं लागतं, ते औषध थंड ठेवावं लागतं आणि ते नसेल तर मी काही दिवससुद्धा जगणार नाही, एवढंच तिनं सांगितलं. तो नेहमीप्रमाणे बराच वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, "थंड जागा म्हणाल तर माझ्याकडे भरपूर आहे."

ती हसली. पुढे मुलीला हा किस्सा सांगताना ती म्हणायची, की त्या वाक्यावरच माझं लग्न झालं, बाकी सगळं नंतर ठरलं.

आणि त्यानं शब्द खाली पडू दिला नाही. सुरुवातीची वर्षं घरात फ्रिज नव्हता. तेव्हा तो कोल्ड स्टोरेजच्या फळांच्या खोलीवर कामाला होता. तिथे सफरचंदं, नासपती असा माल असायचा. फळांना थंडी हवी असते, पण बर्फ नको असतो. बर्फ लागला की फळ काळं पडतं. म्हणून त्या खोलीतली हवा नुसती गार. तिथल्या म्हाताऱ्या मुकादमानं दाराजवळची एक फळी थंडोबाच्या बायकोच्या औषधाला देऊन टाकली होती. कोणाचाही हात त्या फळीला लागत नसे. चालू असलेली बाटली घरी, सावलीतल्या कपाटात. बाकीच्या बाटल्या तिकडे, फळांच्या शेजारी. संपत आली की तो नवी आणायचा, ओल्या फडक्यात गुंडाळून, कोटाच्या आतल्या खिशात, जणू पक्ष्याचं पिल्लू आणतोय. तिच्या मते त्या बाटलीला सफरचंदांचा वास यायचा. मुलगी झाली, मोठी झाली, आणि त्या सगळ्या काळात बायकोचं औषध एकदाही बिघडलं नाही. याचं श्रेय त्यानं मनातल्या मनात थंडीला दिलं. ती कोणती थंडी होती, याचा विचार करण्याची त्याला कधी गरज पडली नाही.

पुढे त्याची बदली मासळीच्या खोलीवर झाली आणि निवृत्त होईपर्यंत तो तिथेच राहिला. ती खोली वेगळी. तिथे श्वास सोडला की मिशीवर दहिवर जमायचं. मासळी दगडासारखी होऊन पडलेली असायची. लांबच्या गावी माल धाडायचा तर थर्माकोलच्या खोक्यात बर्फाचा चुरा आणि त्यात जाडं मीठ. मिठानं बर्फ आणखी कडक थंड होतो, आतली मासळी गोठलेली राहते. किती बर्फाला किती मीठ, हे त्याच्या हाताला पाठ होतं. त्याच्या खोक्यातला मासा दोन दिवसांनी उघडला तरी डोळे लकाकत असायचे, असं घेणारे व्यापारी सांगत. त्याचं आयुष्यभराचं कौतुक काय ते एवढंच, आणि ते तो जपून होता.

फ्रिज आला तो मुलीच्या शाळेच्या शेवटच्या वर्षांत. औषध कुठे ठेवायचं हे दवाखान्यातल्या सिस्टरनी तिला बजावून सांगितलं होतं. दारात नको, दार सारखं उघडतं. मागच्या भिंतीला टेकवून नको, तिथे गोठतं. वर बर्फाच्या खणात तर नकोच नको. मधला कप्पा, पुढच्या बाजूला, झाकणाच्या डब्यात. तो अशा वेळी बाहेरच्या बाकावर बसलेला असे. दवाखान्याच्या वासानं त्याला मळमळायचं. त्यामुळे हे सगळं त्याला तिच्याकडून कळलं, आणि बायकोकडून कळलेल्या गोष्टी तो जशा ऐकायचा तशीच त्यानं हीसुद्धा ऐकली.

तो घरी बसायला लागल्यावर फ्रिजमध्ये एक अबोल भांडण सुरू झालं. ती डबा पुढे ठेवायची. तो पाणी घ्यायला उठला की डबा मागे, गार भिंतीजवळ सरकवायचा. ती पुन्हा पुढे आणायची. वीज गेली की त्याच्या अंगात वारं संचारायचं. फ्रिजला कोणी हात लावायचा नाही, दुधासाठीसुद्धा नाही, असा हुकूम सुटायचा, आणि तो स्वतः फ्रिजसमोर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसायचा. फ्रिजला कुलूप लावा आणि किल्ली गळ्यात बांधा, असं ती म्हणायची. मुलगी फोनवर हे ऐकून हसायची आणि विचारायची, आज डबा कुठे आहे गं, पुढे की मागे?

मुलगी लग्न करून देशाच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. तिला बाळ झालं तेव्हा तिनं आईला महिनाभर येऊन राहायला सांगितलं. बसचा प्रवास जवळजवळ दोन दिवसांचा, त्यातून उन्हाळा. ती आधी दवाखान्यात जाऊन सिस्टरना विचारून आली. सिस्टर म्हणाल्या, औषध हातातल्या पिशवीत ठेवा, बसच्या पोटात सामानाबरोबर नको, तिथे भट्टी असते. खिडकीतल्या उन्हात नको. जाड ओलं फडकं गुंडाळलंत तरी पुरे. बर्फ घेतलाच तर बाटलीला टेकू देऊ नका, मधे कापडाच्या घड्या घाला. तिनं लाँड्रीतून आणलेल्या जुन्या टॉवेलची दुपदरी पिशवी शिवली, पाण्यात बुडवून पिळली आणि त्यात बाटल्या बसतात का ते बघितलं.

त्यानं ती पिशवी दोन बोटांनी उचलून धरली. तिच्यातून पाणी ठिबकत होतं. अख्ख्या देशाला मासळी पोचवणाऱ्या माणसाच्या बायकोनं औषध ओल्या फडक्यातून न्यायचं, आणि तेही तो जिवंत असताना, असं काहीतरी तो बोलला. बोलला हसत, पण त्याला लागलंय हे तिला ऐकू आलं. निवृत्तीनंतर त्याला कोणी काही विचारायला येत नसे. मालाचं एक खोकं बांधायला मिळालं तर तो आठवडाभर खूश राहील हे तिला दिसत होतं.

"बांधा मग," ती म्हणाली. "पण सिस्टर म्हणाल्यात बर्फ टेकायला नको."

"प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतो ना. पाण्याचा थेंब आत जाणार नाही."

ती पाण्याबद्दल बोलत नव्हती. पण तो तोवर थर्माकोलचं खोकं घासायला लागला होता, शीळ घालत, आणि ती शीळ तिनं फार दिवसांनी ऐकली होती. तिनं टॉवेलची पिशवी दोरीवर वाळत टाकली. निघायच्या दिवशी तो जुन्या जागी जाऊन बर्फ घेऊन आला, त्यात हातानं मीठ मिसळलं आणि मधोमध खड्डा करून महिन्याभराच्या सगळ्या बाटल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून त्यात पुरल्या. चालू असलेलीसुद्धा. वरून चिकटपट्टी अशी सफाईनं मारली की खोक्याला शिवण दिसेना.

बसमध्ये ते खोकं त्यानं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस एका धाब्यासारख्या जागी थांबली. ती तोंड धुऊन आली, त्यानं चिकटपट्टी सोडवली आणि पिशवी वर काढली. बाटल्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. औषध आतून घट्ट झालं होतं, काचेवर दव धरलं होतं. तिनं चालू बाटली हातात घेतली तर तळवा बधिर झाला.

"गोठलंय हो हे," ती म्हणाली.

"मग? उन्हाळ्यात, एवढ्या प्रवासात गोठलेलं राहिलं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खोक्याचं कौतुक होतं. "वितळू दे आता सावकाश. मासा नाही का वितळत? होता तसा होतो."

ती बाकावर बसून बाटली तळव्यांत फिरवत राहिली. नेहमीपेक्षा पुष्कळ वेळ. बर्फ सुटला, औषध पातळ झालं, पण नेहमीसारखं दुधाळ होईना. पांढरे कण वेगवेगळे तरंगत होते, आणि काचेला आतून खिडकीवर धुकं धरावं तसा एक थर चिकटून बसला होता. तिनं ते उजेडाकडे धरून त्याला दाखवलं. गोठू देऊ नका असं सिस्टर म्हणाल्याचं तिला आठवत होतं. गोठलं तर काय होतं हे त्यांनी सांगितलं होतं का, ते आठवत नव्हतं. मुलीच्या गावाला पोचल्यावर नवीनच घेऊ का, असं तिनं विचारलं.

तो नुसता खोक्याकडे बघत राहिला. इतकी वर्षं तुझं औषध कोणी सांभाळलं, हे त्यानं विचारलं नाही, पण ते त्याच्या बसण्यात दिसत होतं. तिनं सुई भरली आणि टोचून घेतली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

मुलीच्या घरी पोचल्यावर तिनं सगळ्या बाटल्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, पुढच्या बाजूला, नीट ओळीनं ठेवल्या. खोकं त्यानं धुऊन गच्चीत वाळत घातलं आणि जावयाला त्याची सगळी रीत समजावून सांगितली. जावई भला माणूस, हूं हूं करत ऐकत राहिला. ती शेजारीच नातीला घेऊन बसली होती. औषध गोठल्याचं मुलीच्या कानावर घालावं असं तिच्या मनात आलं असणार. पण मग तिला ते जावयासमोर बोलावं लागलं असतं, आणि यांना खाली बघावं लागलं असतं. नंतर सांगू, असं म्हणून तिनं ते मागे टाकलं असावं. तिनं काय विचार केला हे तिच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. नवरा आपला पुढे अनेक महिने तिच्या वतीनं असे विचार करत बसायचा.

तहान लागायला लागली ती लगेचच. उन्हाळाच तसा होता, सगळेच पाणी पीत होते. ती रात्री तीनतीनदा उठायची, पण घरात तान्हं बाळ, उठत कोण नव्हतं? ती थकलेली दिसायची, तर प्रवासाचा शीण म्हणून सगळ्यांनी तिला झोपू दिलं. नातीच्या अंघोळीच्या वेळी तिच्या हातातून तांब्या निसटला तेव्हा मुलगी पहिल्यांदा चपापली. सुई रोज घेतेस ना, असं तिनं विचारलं. घेते की, ती म्हणाली, आणि ते खरं होतं. रोज सकाळी ती नवख्या खिडकीशी उभी राहून बाटली फिरवायची आणि ते कण मिसळायची वाट बघायची. थोडा डोससुद्धा तिनं आपल्या मनानं वाढवला होता. एखाद्या दिवशी बरं वाटायचं. त्या एखाद्या दिवसानंच सगळ्यांना फसवलं.

मग उलट्या सुरू झाल्या. श्वास जोरजोरात चालायला लागला, आणि तिच्या तोंडाला एक गोडसर वास येऊ लागला. नवऱ्याला तो वास ओळखीचा वाटला, फळांच्या खोलीतल्या उतरलेल्या सफरचंदांसारखा. तो त्या खोलीच्या आठवणीत तसाच उभा राहिला, आणि जावयानं तिला उचलून गाडीत घातलं.

हॉस्पिटलमध्ये एका तरुण डॉक्टरबाईंनी तिचं औषध बघायला मागितलं. मुलगी घरी जाऊन चालू बाटली घेऊन आली. डॉक्टरबाईंनी ती दिव्याकडे धरली, आडवी केली, पुन्हा उभी केली. काचेवरचा पांढरा थर तसाच राहिला.

"हे कधी गोठलं होतं का?"

"हो," तो पुढे होऊन म्हणाला. मुलीला हे माहीत नव्हतं, म्हणून माहिती असणाऱ्या माणसानं बोलावं तसा. "पूर्ण प्रवासात गोठलेलं होतं. मी स्वतः बांधलं होतं. अजिबात वितळू दिलं नाही."

डॉक्टरबाईंनी बाटली टेबलावर ठेवली. गोठलेलं इन्शुलिन परत वितळलं तरी त्यात जोर राहत नाही, ते टाकून द्यायचं असतं, असं त्यांनी सांगितलं. आवाज न चढवता, कागदावर काहीतरी लिहीत सांगितलं. सांगून त्या आत गेल्या. मुलीनं बापाकडे बघितलं नाही. ती भिंतीवरच्या हात धुण्याच्या चित्राकडे बघत होती. तो हातातली टोपी फिरवत उभा राहिला, आणि काही वेळानं त्याचे हात कशासारखे फिरताहेत हे लक्षात येऊन त्यानं टोपी बाकावर ठेवून दिली.

जे व्हायचं ते तिसऱ्या दिवशी पहाटे झालं. शरीर फार कोरडं पडलं होतं, हृदयावर ताण आला होता, आणखी आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. जावयानं सगळं धावपळीचं बघितलं. मुलगी बापाला एका शब्दानं टोचून बोलली नाही. बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. गच्चीतलं खोकं कोणी, कधी टाकलं, ते त्यानं विचारलं नाही. परत जाताना मुलीनं त्याला बसवर सोडलं आणि पाण्याची बाटली आठवणीनं हातात दिली. घरी फ्रिज रिकामा होता. सकाळी बेकरीवाला शटर वर ढकलायचा आणि तो टेबलाशी पेपर उघडून बसायचा, पण पेपराआडून बोलायला कोणी नव्हतं. गल्लीतल्या लोकांनी त्याला थंडोबा म्हणणं आपोआप सोडून दिलं. कसं झालं, असं कोणी विचारलं तर तो म्हणायचा, शुगर वाढली. ते खोटं नव्हतं.

पण खरं जिला सांगायचं होतं तिलाच सांगायचं राहिलं, आणि आता तेच त्याच्या छातीवर बसलेलं असतं.

कारण तिला सांगायला तो गेला होता. ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी तिला जरा बरं होतं. हाताला नळ्या लावल्या होत्या, श्वास शांत झाला होता, ओठांना पाणी लावून सिस्टर गेल्या होत्या. मुलगी बाळाला पाजायला घरी गेली होती. दुपारभर जिन्यात बसून त्यानं वाक्यं जुळवली होती. बर्फ मी घातला. मीठ मी घातलं. तू सांगत होतीस. तेवढंच बोलायचं होतं. पुढचं ती बोलेल, रागावेल, थंडोबा म्हणेल, असं त्याला वाटत होतं, आणि तिनं रागवावं यासाठी त्याचा जीव तळमळत होता. वॉर्ड लांबट होता. फरशी नुकतीच पुसलेली होती. तो तिच्या पलंगाशी जाऊन उभा राहिला तेव्हा ती जागी होती.

त्यानं घसा खाकरला. "ऐक ना," तो म्हणाला, "मला तुला एक सांगायचंय. ते औषध..."

तिनं मान वळवून आधी त्याच्याकडे बघितलं, मग खाली त्याच्या पायांकडे, मग ओल्या फरशीवर दारापासून तिच्यापर्यंत उमटत आलेल्या पावलांकडे. तो चप्पल काढायला दाराशी जाऊन परत येईपर्यंत तिचा डोळा लागला होता, आणि तिला उठवू नका, असं सिस्टरनी खुणेनंच त्याला सांगितलं. त्याआधी त्याच्याकडे बघून ती जे बोलली ते घरी रोज बोलायची त्याच आवाजात, थोडं दमून.

"अहो, चप्पल बाहेर काढून या आधी. इथल्या सिस्टर फार ओरडतात."